नकाशा आणि शेजार : नगरसेवकांस अनावृत पत्र

सन्माननीय नगरसेवक महाशय यांस,



निवडणुकीचा निकाल लागल्यानंतर प्रभागाच्या वतीने आपला जो सत्कार झाला, त्या प्रसंगीच्या भाषणात आपण नगररचना आणि समाजजीवन या दोन विषयांवरील आपली मते मोकळेपणाने मांडलीत. हारतुऱ्यांच्या सभेत वक्त्याने स्वतःची मते सांगावीत, ही गोष्ट अलीकडे दुर्मीळ झाली असल्यामुळे त्याबद्दल प्रथम आपले अभिनंदन करतो, आणि ती मते मला मान्य नसल्यामुळे हे पत्र लिहितो. ते अनावृत लिहिण्याचे कारण असे की, ही मते आपल्या एकट्याची नाहीत. पक्ष कोणताही असो, पुण्याच्या महापालिकेत जाऊन बसणाऱ्या बहुतेकांच्या मनाची घडण अशीच झालेली असते; इतकेच नव्हे, तर त्यांस निवडून देणाऱ्या आम्हां मतदारांचीही अपेक्षा याहून फारशी निराळी नसते; तेव्हा या प्रश्नाचा खल बंद लिफाफ्यात होण्याऐवजी चारचौघांत झालेला बरा.

आपल्या प्रतिपादनाचा मथितार्थ, मी समजलो तो, असा : शहराचा विकास आराखडा हा अभियंते, नगररचनाकार आणि सरकारी कचेऱ्या यांचा प्रांत असून नगरसेवकाने त्यात ढवळाढवळ न करता आपल्या प्रभागातील रस्ता, पाणी, दिवाबत्ती व सांडपाणी एवढे चोख पाहावे, आणि समाजजीवन हा त्याहून सर्वस्वी भिन्न विषय असून त्यासाठी गणेशोत्सव, हळदीकुंकू, ज्येष्ठ नागरिकांच्या सहली व आरोग्य शिबिरे यांस सढळ हाताने साहाय्य करावे. दोन्ही विधानांमागील आपल्या सद्भावाविषयी मला शंका नाही. परंतु नकाशा एका खात्याकडे आणि शेजार दुसऱ्या खात्याकडे, अशी जी वाटणी आपण केली आहे, तिच्यात या शहराच्या बऱ्याच दुखण्यांचे मूळ आहे असे माझे मत आहे. आणि ते आपणांस पटवून देता आले, तर आपल्या कारकीर्दीत आपल्या हातून असे एक काम होईल की, ज्याच्या प्रारंभास प्रभागनिधीतील एक पैसाही लागणार नाही.

नगररचना हा नगरसेवकाचा विषय नव्हे, ही समजूत मुळात कायद्याला धरून नाही. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेस जी बारावी अनुसूची जोडली, तीत नागरी संस्थांकडे सोपविण्याजोगे १८ विषय दिले असून त्यांतील पहिलाच विषय नगररचनेचा आहे. रस्ते, पाणी आणि आरोग्य ही त्याच्या मागून येतात. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम पाहिला, तरी आराखड्याचा इरादा जाहीर करण्यापासून मसुदा प्रसिद्ध करण्यापर्यंत आणि त्यानंतर लोकांच्या हरकती व सूचना ऐकण्यापर्यंत लोकनियुक्त सदस्यांना जागोजाग स्थान आहे. हरकतींची सुनावणी करणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य बसतात आणि त्यांच्या जोडीला तज्ज्ञ नेमावयाचे ते फार तर चार. प्रतिनिधी आणि तज्ज्ञ यांना कायद्याने एका मेजाशी बसविले, ते उगाच नव्हे. रस्ता किती रुंद असला म्हणजे त्यावरून तासाला किती वाहने निघतील, हे तज्ज्ञाने सांगावे. परंतु तो रस्ता वेताळ टेकडीवरून न्यावा की नेऊ नये, हा प्रश्न केवळ गणिताने सुटणारा नाही. पहाटे त्या टेकडीवर चढणारा निवृत्त कारकून, तिच्या पायथ्याशी वाहतुकीत दिवसाचा तिसरा भाग अडकून पडणारा रिक्षावाला आणि टेकडीचे पाणी भूमीत मुरले नाही तर पावसाळ्यात ज्यांच्या दारांत ते येऊन उभे राहते असे सखल भागातील रहिवासी, या सर्वांचे हितसंबंध परस्परांशी भांडणारे आहेत. ते तोलण्याकरिता नागरिक आपली मुखत्यारी कोणाला तरी देतात, आणि ज्याला देतात त्याला नगरसेवक म्हणतात.

या मुखत्यारीचे पुण्यात काय झाले, ते आपणांस ठाऊक असेलच. तरी थोडक्यात उजळणी करतो. शहराच्या जुन्या हद्दीचा आराखडा १९६६ साली मंजूर झाला, त्यानंतरचा १९८७ साली, आणि त्यानंतरचा थेट २०१७ साली. वीस वर्षांतून एकदा तरी आराखड्याची फेरतपासणी व्हावी असे कायदा सांगतो. आम्ही तीस घेतली. या तिसऱ्या आराखड्याचा मसुदा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा नागरिकांनी ऐंशी हजारांहून अधिक हरकती व सूचना दाखल केल्या. ज्या शहरातील लोक सार्वजनिक कामाविषयी उदासीन आहेत असा आरोप व्यासपीठावरून वारंवार केला जातो, त्या शहराने रांगा लावून नकाशे पाहिले, सर्व्हे नंबर शोधले, अर्ज लिहिले आणि पोचपावत्या जपून ठेवल्या. आणि इतके होऊनही सभागृहात निर्णय लांबत लांबत गेला, मुदतीत काम पुरे होत नाही असे कारण होऊन २०१५ साली राज्य सरकारने आराखडा आपल्या हाती घेतला, आणि जानेवारी २०१७ मध्ये सरकारच्या मंजुरीने तो शहरास परत मिळाला. पुढे मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे तर सभागृहच नव्हते; प्रशासकाच्या सहीने शहर चालले. तेव्हा तज्ज्ञांच्या आणि अधिकाऱ्यांच्या हाती कारभार सोपविण्याचा आपण सुचविलेला प्रयोग आमच्यावर होऊन गेलेला आहे, आणि त्यातून रस्ते खड्डेमुक्त झाले असे निदान आपल्या प्रचारपत्रकात तरी म्हटलेले नव्हते.

आता प्रारंभी म्हटलेल्या त्या बिनखर्चाच्या कामाकडे वळतो. विकास आराखड्यात ज्या जमिनी मैदान, उद्यान, शाळा, दवाखाना, मंडई, अग्निशमन केंद्र अशा सार्वजनिक उपयोगांसाठी राखून ठेवलेल्या असतात, त्यांना आरक्षणे म्हणतात, हे सांगावयास नको. परंतु ही आरक्षणे चिरंजीव नसतात, हे मात्र फार थोड्या मतदारांस ठाऊक असते. वर सांगितलेल्या नगररचना अधिनियमाच्या १२७ व्या कलमान्वये, आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत आरक्षित जमीन संपादन केली गेली नाही, तर मालकाला नोटीस देण्याचा हक्क प्राप्त होतो. आणि ती नोटीस रुजू झाल्यापासून दोन वर्षांत संपादनाच्या दिशेने कायद्याला अभिप्रेत असलेले पाऊल पडले नाही, तर आरक्षण रद्द होते व शेजारच्या जमिनीवर जे बांधता येते ते त्या जमिनीवरही बांधता येते. या कलमात मालकावर कृपा केली आहे असे मी समजत नाही. एखाद्या कुटुंबाची जमीन कागदावर अडकवून ठेवायची, तिचा मोबदला द्यायचा नाही, तिच्यावर काही बांधू द्यायचे नाही, आणि तीस-तीस वर्षे वारसांना कचेरीच्या पायऱ्या झिजवायला लावायच्या, हा जुलूमच होय. त्यावर कायद्याने उपाय ठेवला हे न्याय्य आहे. दोष आहे तो दहा वर्षे स्वस्थ बसणाऱ्याचा.

आमचा आराखडा २०१७ चा. दहा वर्षे २०२७ मध्ये भरतात. आपली कारकीर्द तेव्हा ऐन भरात असेल. त्या सुमारास एकेक मालक वकिलाकरवी नोटिसा धाडू लागेल. त्या कोणत्या खात्याच्या आवकजावक वहीत पडतील, किती आठवडे पडून राहतील, आणि त्यांतील दोन वर्षांचा काळ कोणाच्या लक्षात न येता कसा निघून जाईल, याची कल्पना दफ्तरदिरंगाईचा अनुभव असलेल्या कोणालाही करता येईल. यात कट असण्याची गरज नाही. नुसते विस्मरण पुरते. शाळेची जागा गेली याची वार्ता आम्हांला कळेल ती तेथे विक्रीकक्ष उभा राहून त्याच्यावर निशाणे फडकू लागतील तेव्हा, आणि मग आपल्याकडे मोर्चा येईल, आणि आपण, मनापासून हळहळत, आपल्या हाती काही नव्हते असे सांगाल. ते त्या दिवशी खरे असेल, आज खरे नाही.

म्हणून माझी पहिली मागणी अशी की, आपल्या प्रभागातील यच्चयावत आरक्षणांची एक नोंदवही आपण या वर्षी तयार करवून घ्यावी. आरक्षण कशासाठी, क्षेत्र किती, सर्व्हे नंबर कोणता, जमीन ताब्यात आली की नाही, मोबदला रोख दिला की हस्तांतरणीय विकास हक्कांच्या रूपाने, तिच्यावर अतिक्रमण आहे काय, मालकाची नोटीस आली आहे काय आणि आली असल्यास कोणत्या तारखेस, एवढा तपशील पुरे आहे. ही माहिती महापालिकेच्या निरनिराळ्या खात्यांत आजही आहे; एका ठिकाणी नाही इतकेच. जी जागा ताब्यात आहे तिची गत काय, हेही त्यात यावे, कारण ताब्यात आलेली जागा सुरक्षित असते असे नाही. मोठ्या बांधकामांतून महापालिकेस मिळालेल्या ॲमिनिटी स्पेस दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याचा प्रस्ताव २०२१ साली पुढे आला होता, तेव्हा नागरिकांनीच त्याविरुद्ध गिल्ला केला. सार्वजनिक जागा ही शिलकी मालमत्ता आहे व अंदाजपत्रकाची तूट भरून काढण्याकरिता तिचा सौदा करता येतो, ही कल्पना कोणत्याही वर्षी पुन्हा डोके वर काढू शकते.

यावर आपण म्हणाल की, हा सारा महसुली मामला झाला, यात समाजजीवन कुठे आले? तेच सांगावयाचे आहे.

मनुष्ये एकत्र येतात ती कोणत्या तरी जमिनीवर येतात. पेशवाईत नव्या पेठा वसविताना शेटे-महाजनांना कौल देऊन, काही वर्षांची करमाफी देऊन व्यापारी आणि कारागीर आणवले जात. कोतवालाच्या दफ्तरात घरांच्या खरेदी-विक्रीची नोंद होई. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने आणून शहरातील हौदांत सोडण्यात आले. या तजविजी राज्यकारभाराच्या होत्या, परंतु पाणी भरण्याच्या निमित्ताने दिवसातून दोनदा जेथे माणसे भेटतात तेथे शेजार आपोआप निर्माण होतो. आजही आपल्या शहरात पत्ता सांगताना लोक पत्र्या मारुती, सोट्या म्हसोबा, काळा हौद, बदामी हौद अशा खुणा सांगतात. कसब्यात तांबट आळी आहे, बुरुड आळी आहे, आणि ही नावे कोणत्याही समितीने ठराव करून दिलेली नाहीत.

मात्र जुन्या पेठांच्या या जीवनाचे गुणगान करताना अनेक लेखक ज्या हळवेपणात वाहून जातात, त्यात मला सामील व्हावयाचे नाही. वाड्याच्या चौकात ज्यांना प्रवेश होता त्यांच्यापुरताच तो चौक सार्वजनिक होता. हौद होते, पण सर्वांना नव्हते. म्हणूनच १८६८ साली महात्मा जोतीराव फुले यांना गंज पेठेतील आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुला करावा लागला, आणि शहररचनेच्या इतिहासात त्या एका कृतीचे महत्त्व कित्येक रुंद रस्त्यांहून मला अधिक वाटते. पाणी तेच, दगड तेच, जागा तीच. पण तेथे कोणी यावे हे बदलताच त्या जागेचा अर्थ बदलला.

जोतीराव पुढे १८७६ पासून काही वर्षे याच पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य होते, म्हणजे आजच्या परिभाषेत आपले पूर्वसूरी होत. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतानिमित्त शहर शृंगारण्यासाठी नगरपालिकेच्या पैशातून खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याविरुद्ध मत देणारे ते एकटे होते. भव्य मंडई बांधण्याचे ठरू लागले, तेव्हा एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च व्हावा अशी भूमिका त्यांनी घेतली. मंडई तरीही १८८६ साली बांधून पुरी झाली, तिला गव्हर्नर रे यांचे नाव मिळाले, आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिचे नामकरण महात्मा फुले मंडई असे झाले. ज्या वास्तूला त्यांनी विरोध केला तिच्यावरच आम्ही त्यांचे नाव कोरले, हा पुणेरी न्याय म्हणावयाचा. ती मंडई आज शहराच्या समाजजीवनाचे केंद्र आहे हे मी नाकारीत नाही, आणि म्हणून जोतीराव चुकले असेही म्हणत नाही. माझा मुद्दा निराळा आहे. सार्वजनिक पैसा कोठे घालावा, शहर कोणासाठी बांधावे, या प्रश्नावर त्यांना स्वतःचे मत होते. ते मत सभागृहात उभे राहून मांडण्याची आणि एकटे पडण्याची त्यांची तयारी होती. आणि हा विषय अभियंत्यांचा आहे असे सांगून त्यांनी आपली सुटका करून घेतली नाही. याच संस्थेचे अध्यक्षपद नामदार गोखल्यांनी भूषविले. आपण ज्या पीठावर बसता, त्याची परंपरा ही अशी आहे.

नकाशा आणि लोकजीवन यांचा मेळ घालण्याचे एक उदाहरण मला फार प्रिय आहे, आणि ते मराठी राजवटीतलेच असल्यामुळे येथे विस्ताराने सांगतो. पॅट्रिक गेडीस नावाचे स्कॉटिश विद्वान, मूळचे जीवशास्त्रज्ञ, १९१४ साली आपले नगरविषयक प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात आले व पुढे मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. होळकरांच्या इंदुरास प्लेगने आणि घाणीने ग्रासले असता त्या शहराची पाहणी करून आराखडा सुचविण्याचे काम त्यांजकडे आले. त्यांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. हातात वही घेऊन गल्लीगल्लीतून हिंडणाऱ्या या परक्या गृहस्थाकडे लोक प्रथम संशयानेच पाहत असत, कारण नकाशा घेऊन आलेला मनुष्य घरे पाडण्यासाठीच येतो असा त्यांचा अनुभव होता. तेव्हा गेडीस यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा आधार घेतला. मिरवणूक नेहमीच्या ठरलेल्या वाटेने न जाता ज्या मोहल्ल्यातील घरे व रस्ते सर्वांत स्वच्छ असतील तेथून जाईल, असे जाहीर करण्यात आले. मग काय विचारता! ज्या गल्ल्यांतून वर्षानुवर्षे कचरा हलला नव्हता तेथून तो गाड्या भरभरून बाहेर पडू लागला, घरांना सफेती झाली, आणि आपल्या दारावरून मिरवणूक जावी यासाठी आळ्या-आळ्यांत चढाओढ लागली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता. त्यांच्या मागून झाडूवाले, शुभ्र वस्त्रे नेसून आणि फुलांनी मढविलेले झाडू खांद्यावर घेऊन, सन्मानाने चालत होते. आणि एका रथावर इंदूर नगरीची नवी देवता विराजमान झालेली असून तिच्या ध्वजावर शहराचा नकाशा रेखला होता.

आपण उत्सवांचे आश्रयदाते आहात, म्हणून ही हकीकत आपणांस सांगितली. उत्सव आणि आराखडा यांत वैर नाही. गेडीस यांनी उत्सवातूनच आराखडा लोकांपर्यंत नेला. जुनी वस्ती जमीनदोस्त करून नवी बांधण्यापेक्षा जेथे दुखते तेथेच बेताने शस्त्रक्रिया करावी आणि आराखड्यापूर्वी सर्वेक्षण करावे, हा त्यांचा आग्रह होता. सर्वेक्षणाच्या बाबतीत पुणे मागे नव्हते. प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी करून ती १९४५ व १९५२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केली. माणसे काय कमावतात, कोठे राहतात, कोणत्या व्यवसायात आहेत, याचा असा सांगोपांग शोध घेण्याची परंपरा ज्या शहरात आहे, तेथे आज आरक्षण ठरविताना त्या भागात मुले किती आणि वृद्ध किती, हे विचारणारा कोणी नसावा, याचे नवल वाटते.

बेताने शस्त्रक्रिया न करण्याचे परिणाम पाहावयाचे असतील तर मध्यवस्तीतल्या कोणत्याही पेठेत जावे. रस्तारुंदीच्या रेषा नकाशावर आखून अनेक दशके झाली; ज्याने वाडा पाडून इमारत बांधली तो मागे सरला, ज्याने बांधली नाही तो जुन्या जागीच राहिला, आणि रस्त्याची कड करवतीच्या दात्यांसारखी झाली. रुंदी मिळाली ती तुकड्या-तुकड्यांनी. तिचा उपयोग वाहतुकीस होत नाही, दुचाक्या लावण्यास होतो. नव्या इमारतीच्या तळमजल्यावर मोटारी राहतात, माणसे पहिल्या मजल्यापासून वर. ओटा गेला, ओसरी गेली. रस्त्यावर पडलेल्या मुलाला उचलायला किंवा अनोळखी मनुष्यास कोणाकडे जायचे म्हणून हटकायला जमिनीच्या पातळीवर पहारेकऱ्याखेरीज कोणी उरले नाही. वाड्यातील सामाईक नळावरची भांडणे आणि अंधाऱ्या खोल्या यांत मी परत जाऊ इच्छीत नाही. कोणीच इच्छीत नाही. परंतु नव्या नियमावलीत वाहनतळासाठी जितका कसून विचार केलेला आढळतो, तितका माणसांनी बसावे कोठे याचा आढळत नाही, आणि २०२० च्या एकत्रित नियमावलीनंतर तर साताऱ्यापासून नाशिकपर्यंत बहुतेक नगरांना जवळपास एकाच मापाचा अंगरखा शिवलेला आहे.

शेजार मोडणे किती सोपे आणि जोडणे किती जिकिरीचे असते, हे पुण्याइतके दुसऱ्या कोणत्या शहरास ठाऊक असावे? १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील घरे एका दिवसात वाहून गेली. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. पिढ्यान्‌पिढ्या एका बोळात राहिलेली कुटुंबे चार दिशांना पांगली. तरी काही वर्षांत या वसाहतींतून नवा शेजार रुजला, कारण घरे लहान असली तरी मध्ये मोकळ्या जागा होत्या, झाडे होती. आता त्याच वसाहतींच्या पुनर्विकासाची बोलणी जागोजाग चालली आहेत. रहिवाशांना मोठी घरे हवीत, आणि त्यांचा तो हक्क आहे. किती चौरस फूट मिळणार याचा वाद रात्र-रात्र चालतो, परंतु मधल्या मोकळ्या जागेचे काय होणार, हे सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर शेवटी येते आणि वेळेअभावी तहकूब होते. अशा सभेत नगरसेवकाने उपस्थित राहून एवढा एक प्रश्न विचारला तरी त्याची हजेरी सार्थकी लागेल.

आपल्या निधीतून बसविलेल्या बाकांविषयी लिहू नये असे ठरविले होते, पण राहवत नाही. आमच्या चौकातील बाकावर बसणाऱ्याच्या पाठीशी आपल्या पूर्वाधिकाऱ्याचे नाव ठळक अक्षरांत आहे, त्याच्या शेजारच्या बाकावर त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे, आणि दोन्ही बाकांची तोंडे धावत्या रस्त्याकडे आहेत. वृद्धांनी बसून धूर गिळावा अशी ही योजना. त्यापेक्षा वाईट म्हणजे, त्याच चौकात सकाळी भाजी विकणाऱ्या बायकांना हटविण्यात आले. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा २०१४ साली झाला असून त्यात नगर पथविक्रेता समितीची व्यवस्था आहे. तेव्हा या बायकांना जागा देणे ही दया नसून नगररचनेचाच भाग आहे. दूधवाला, भाजीवाली, इस्त्रीवाला आणि चपला शिवणारा यांच्याभोवती दिवसभरात जेवढी विचारपूस होते, तेवढी वर्षातल्या एका स्नेहसंमेलनात होत नाही. आपल्या नावाच्या बाकाचा खर्च त्यांच्या डोक्यावरच्या छपरासाठी करून पाहा. नाव लिहायला तेथेही जागा असते.

आता अडचणीविषयी. आपण एकटे नाही, प्रभागात आणखी तीन सदस्य आहेत, आणि चौघांत जबाबदारी वाटली गेली की ती नेमकी कोणाकडे असते हे मतदाराला कळत नाही. एकाकडे जावे तर तो दुसऱ्याच्या पक्षाकडे बोट दाखवतो. ही पद्धत आपण निर्माण केली नाही हे मी जाणतो. परंतु महापालिका अधिनियमात क्षेत्रसभेची तरतूद येऊन दशकाहून अधिक काळ लोटला आहे; मतदारयादीत ज्याचे नाव आहे असा प्रत्येकजण तिचा सदस्य, आणि ती भरविण्याचा भार नगरसेवकावर. ही तरतूद पुस्तकात निद्रिस्त आहे. अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची प्रथा पुण्याने २००६-०७ पासून पाडली, ती स्तुत्य आहे. पण तेथे आम्ही दिवे, पदपथ आणि पुन्हा बाक मागतो, कारण आम्हांला नकाशा कधी दाखविलेला नसतो. ज्याने नकाशा पाहिला नाही तो मैदान मागणार कसे?

म्हणून दुसरी आणि अखेरची विनंती. नोंदवही तयार झाली की चारही सदस्यांच्या नावाने सभा बोलवावी. ती मंडपात, ध्वनिवर्धकांच्या गोंगाटात नको; महापालिकेच्या शाळेत, संध्याकाळी सातनंतर ठेवावी, म्हणजे घरकामाच्या बायका, बसचे वाहक आणि दुकानांतील नोकर यांनाही येता येईल. विकास आराखड्याची आपल्या प्रभागापुरती प्रत मोठी करून भिंतीवर लावावी आणि खुलासे मराठीत करण्यासाठी नगररचना खात्यातील अधिकारी हजर ठेवावा. प्रत्येक आरक्षणापुढे नागरिकांनी आपले म्हणणे नोंदवावे, मालक आले तर त्यांचीही कैफियत ऐकावी, आणि ज्या जागा २०२७ पूर्वी संपादन करावयाच्या त्यांचा क्रम तेथेच लावून तो ठराव आपण सभागृहात मांडावा. सारीच आरक्षणे वाचतील असे नाही, इतका पैसा महापालिकेपाशी नाही. कोणती सोडायची हेही त्या सभेत ठरावे, आणि सोडल्याचे कारण इतिवृत्तात लिहिले जावे.

सभेची सूचना चौकातल्या फलकावर लावावी. फलकावर आपले छायाचित्र असण्यास आमची हरकत नाही. मात्र त्याखाली आरक्षणांचे सर्व्हे नंबर चष्म्याशिवाय वाचता येतील एवढ्या अक्षरांत असावेत.



आपला,
प्रभागातील एक मतदार